कॉलर बोन मोडलं: प्लेट टाकायची की झोळीवर थांबायचं?

कॉलर बोन मोडलं की घरात दोन तट पडतात. एक म्हणतो आजच्या आज ऑपरेशन करून धातूची प्लेट टाकून घ्या, दुसरा म्हणतो हाडवैद्याकडे चला, तीन लेपात बसवून देतो. दोघांनाही थांबवा. मोजके अपवाद सोडले तर या हाडाचा निर्णय त्याच रात्री घ्यावा लागत नाही, दहा-बारा दिवस हाताशी असतात. पण ते अपवाद पहिल्या तासाभरात तपासावेच लागतात.

छातीच्या मधल्या हाडापासून खांद्याच्या टोकापर्यंत जाणारं, थोडं नागमोडी असं हे हाड. धडाला हात जोडणारा हाडाचा दुवा तेवढा एकच. मोटरसायकल घसरून खांद्यावर आपटलं, कबड्डीत पकड चुकली, घोड्यावरून किंवा ट्रॉलीवरून पडलं की मार खांद्याच्या टोकावर बसतो आणि हाड बहुतेक वेळा मधल्या भागात मोडतं. शंभरातले साधारण ऐंशी याच जागी. मग मानेचा स्नायू आतला तुकडा वर ओढतो, हाताचं वजन बाहेरचा तुकडा खाली खेचतं आणि छातीचा स्नायू त्याला आत सरकवतो. म्हणून गळ्याजवळ टेंगूळ दिसतं आणि तो खांदा दुसऱ्यापेक्षा खाली, पुढे आणि आखूड वाटतो.

पहिल्या तासात काय बघायचं

या हाडाच्या खालूनच हाताकडे जाणारी मोठी रक्तवाहिनी आणि नसांचा जुडगा जातो, त्याखाली फुप्फुसाचं टोक असतं. म्हणून पुढच्यापैकी काहीही दिसलं तर तसंच मोठ्या दवाखान्यात न्या, १०८ ला फोन करा: जखमेतून हाड दिसतंय किंवा मोडल्या जागेवरून रक्त येतंय, तुकड्याच्या टोकाने कातडी ताणून पांढरी पडलीय, हात गार पडलाय, मनगटाची नाडी लागत नाही, बोटं बधिर आहेत किंवा मूठ वळत नाही, श्वास घेताना धाप लागतेय, पडताना डोक्याला मार लागून उलट्या होताहेत किंवा माणूस गुंगीत आहे.

यातलं काही नसेल तर हात बांधा. गळ्यातला बागायती रुमाल यासाठी उत्तम. त्याची त्रिकोणी घडी करा, कोपर नव्वद अंशात वाकवून त्यात ठेवा आणि गाठ मानेच्या बाजूला, धडधाकट खांद्याकडे मारा. मोडलेल्या हाडावर गाठ येऊ देऊ नका. मनगट कोपरापेक्षा दोन बोटं वर राहिलं पाहिजे. मग दुसऱ्या कापडाने दंड छातीला सैल आवळून घ्या. खानदेशात धडगाव-अक्कलकुव्याकडून घाट उतरून जीपने यायचं असेल तर हे दुसरं कापड सोडूच नका. प्रत्येक गचक्याला तुकडे एकमेकांवर घासतात आणि दुखणं त्यानेच असह्य होतं. अंगठी, कडं, बांगड्या आत्ताच काढा, हात सुजला की त्या कापाव्या लागतात. बर्फ कापडात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं ठेवायचा, दिवसातून चार-पाच वेळा, पहिले दोन-तीन दिवस.

चोळायचं नाही, ओढून बसवायचं नाही. हाडवैद्यावर श्रद्धा असणाऱ्यांना हे कडू लागेल, पण कारण साधं आहे: हे हाड ओढून जागेवर आणलं तरी तिथे धरून ठेवेल असं बाहेरून काहीच बांधता येत नाही. हात सोडला की ते पुन्हा सरकतं. चोळण्याने फक्त टोकं हलतात, कातडी सोलते आणि लेपाखाली फोड येऊन पुढे ऑपरेशन लागलंच तर ते आठवडाभर लांबतं.

रस्त्यावरचा अपघात असेल तर दवाखान्यात एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची वैद्यकीय नोंद, करून घ्या. धुळे ते मुक्ताईनगर महामार्गावरून असे रुग्ण नेहमी येतात, आणि नोंद नसल्यामुळे पुढे विम्याच्या दाव्यात अडकणारेही असतात.

एक्सरे नीट काढून घ्या

साधा समोरून एक एक्सरे पुरत नाही. दुसरा यंत्र खालून वर तिरकं करून काढलेला हवा, तेव्हाच तुकडे किती वर-खाली झालेत ते कळतं. आणि शक्य असेल तर उभं राहून किंवा बसून काढायला सांगा. आडवं झोपलं की हाताचं वजन निघून जातं, तुकडे जवळ येतात आणि मोडणं आहे त्यापेक्षा सौम्य दिसतं. झोपलेल्या फिल्मवर थोडंसं दिसणारं अंतर उभ्याने बरंच जास्त निघू शकतं, आणि निर्णय त्या अंतरावरच फिरतो. हाड किती आखूड झालंय हे मोजायला दोन्ही बाजूंची कॉलर बोन एकाच फिल्मवर घेतात.

दुसरी फिल्म सात ते दहा दिवसांनी. ही बरेच जण टाळतात, कारण तोवर दुखणं कमी झालेलं असतं. पण पहिल्या दिवशी जागेवर असलेलं हाड पहिल्या आठवड्यात सरकू शकतं. सगळ्या फिल्म जपून ठेवा, मोबाइलवर खिडकीच्या उजेडात फोटोही काढून ठेवा.

ऑपरेशन कुणाला लागतंच

हाड कातडीबाहेर आलेलं, कातडी फाटायच्या बेतात असलेली, रक्तवाहिनी किंवा नस दबलेली, सोबत खांद्याच्या फऱ्याची (पाठीकडच्या चपट्या हाडाची) मानही मोडून खांदा लोंबकळणारा: इथे चर्चा नसते. दोन्ही पाय मोडलेत आणि कुबड्यांवर भार द्यायचाय अशा माणसालाही बहुधा प्लेट टाकतात.

उलट टोकाला, मोडलंय पण तुकडे एकमेकांना टेकून आहेत, अशांना झोळीच. दहा-बारा वर्षांपर्यंतच्या मुलांनाही जवळजवळ नेहमी झोळीच. त्यांच्या हाडावरचं आवरण जाड असतं, तीन-चार आठवड्यांत जुळतं आणि वाकडं जुळलेलं हाड वाढीबरोबर बरंचसं सरळ होतं. लहान मुलाला प्लेट सुचवली गेली तर दुसऱ्या हाडांच्या डॉक्टरांना फिल्म दाखवल्याशिवाय होकार देऊ नका.

खरा प्रश्न मधल्या लोकांचा. मोठं माणूस, हाड मधोमध मोडलंय, तुकडे एकमेकांपासून पूर्ण सुटलेत, दोन सेंटिमीटरच्या वर आखूड झालंय किंवा मध्ये एखादा तुकडा आडवा पडलाय. पूर्वी अशांनाही सरसकट झोळीच देत. नंतर नीट अभ्यास झाले. २००७ मध्ये कॅनडात १३२ रुग्णांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात शेवटपर्यंत तपासता आलेल्यांपैकी झोळीवाल्या ४९ जणांत ७ जणांचं हाड जुळलंच नाही, प्लेटवाल्या ६२ जणांत २ जणांचं. पुढे २०१३ मध्ये स्कॉटलंडमधल्या २०० रुग्णांच्या अभ्यासात हेच दिसलं, आणि आणखी एक गोष्ट दिसली: झोळीवर ज्यांचं हाड जुळलं, त्यांचा हात वर्षभराने प्लेटवाल्यांइतकाच चालत होता.

याचा हिशोब असा लावा. पूर्ण सरकलेल्या हाडाच्या १०० जणांना झोळी दिली तर साधारण ८५ जणांचं जुळतं, पंधरा जणांचं राहतं. सगळ्यांना प्लेट टाकली तर राहणारे दोनेक. म्हणजे ऑपरेशनचा ठोस फायदा बारा-तेरा जणांना, बाकीच्यांनी चिरा, भूल आणि खर्च सोसला तो थोडं लवकर बरं वाटावं म्हणून. तोही फायदा काहींसाठी मोठा असतो. पहिल्या तीन महिन्यांत प्लेटवाल्याचा हात लवकर कामाला लागतो, हे खरंच आहे. पण "ऑपरेशन नाही केलं तर हात कायमचा जाईल" हे खरं नाही. झोळीवर थांबून हाड नाहीच जुळलं, तर प्लेट नंतरही टाकता येते.

न जुळण्याची शक्यता वाढवणाऱ्या गोष्टी: विडी-सिगारेट, तुकड्यांचा चुरा, जास्त आखूडपणा, वाढतं वय. स्त्रियांमध्ये ती पुरुषांपेक्षा थोडी जास्त दिसते. यातल्या दोन-तीन एकत्र असतील तर प्लेटकडे झुकणं योग्य.

प्लेटच्या बाजूने विचार करताना तिचे तोटेही मोजा. चिऱ्याखालची छातीची कातडी बधिर होते, हे बहुतेकांना कमी-जास्त होतंच आणि काहींना कायम राहतं. जंतुसंसर्ग थोड्यांना होतो, मधुमेह ताब्यात नसेल तर जास्त. आणि प्लेट कातडीच्या अगदी खाली बसते, बोट लावलं की हाताला लागते. आपल्याकडे हा मुद्दा कळीचा आहे. रावेर-यावल पट्ट्यात केळीचा घड खांद्यावरून वाहणारा मजूर, बाजार समितीतला हमाल, पाठीवर सोळा लिटरचा फवारणी पंप घेणारा शेतकरी, यांचा भार नेमका कॉलर बोनवर पडतो. भरलेल्या पंपाचा पट्टा प्लेटच्या कडेवर रुततो आणि अशांपैकी बऱ्याच जणांना पुढे प्लेट काढायचं दुसरं ऑपरेशन करावं लागतं. पण याच माणसाला न जुळलेलं हाडही परवडत नाही. म्हणून डॉक्टरांना फक्त "शेती करतो" असं सांगू नका. कोणत्या खांद्यावर, काय, किती वजनाचं घेता ते सांगा. प्लेट हाडाच्या वरच्या बाजूला बसवायची की पुढच्या, हे त्यावरून ठरवता येतं. पुढच्या बाजूची पट्ट्याखाली कमी टोचते.

हाडाचं बाहेरचं टोक, खांद्याच्या सांध्याजवळचं, मोडलं असेल तर गणित वेगळं. तिथले हाड खाली धरून ठेवणारे बंध तुटले असतील तर झोळीवर साधारण तिघांतल्या एकाचं जुळत नाही, म्हणून तरुणांना ऑपरेशन सुचवतात. साठीच्या पुढच्यांना मात्र न जुळलेलं ते टोक बहुधा फारसं दुखतही नाही. इथे हूक असलेली प्लेट टाकली तर ती हाड जुळल्यावर काही महिन्यांत काढावीच लागते, हे आधीच विचारून घ्या.

ऑपरेशन करायचं ठरलं तर दोन ते तीन आठवड्यांच्या आत करा. नंतर नवं हाड धरू लागतं, ते सोडवून पुन्हा बसवायचं काम वाढतं. डॉक्टरांना विचारायचं ते असं: माझं हाड किती सेंटिमीटर आखूड आहे, उभ्याच्या फिल्मवर दाखवा. प्लेट हाडाच्या वळणाची तयार आहे की सरळ प्लेट वाकवून बसवणार? तयार वळणाची प्लेट मजबूत, वाकवलेली पातळ प्लेट कधी कधी पुन्हा वाकते. स्टील की टायटॅनियम, यावर मात्र फार रक्त आटवू नका. नीट बसवली तर दोन्हींवर हाड जुळतं. सांगितलेल्या रकमेत प्लेट-स्क्रू, भूल, औषधं धरलीत का? आणि काढायचा खर्च वेगळा किती?

जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही ठिकाणी सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतल्या खासगी दवाखान्यातही सोय होऊ शकते. भरती होतानाच रेशनकार्ड आणि आधार घेऊन आरोग्यमित्राला, म्हणजे दवाखान्यातल्या योजनेच्या माणसाला, गाठा आणि तुमच्या मोडण्याचं ऑपरेशन योजनेत बसतं का ते विचारा. क्रम आधी मंजुरी, मग ऑपरेशन असा असतो. पैसे भरून झाल्यावर धावपळ करून उपयोग नाही.

झोळीवरचे सहा आठवडे

पाठीवर आठाच्या आकड्यासारखा आवळायचा पट्टा मेडिकलवर सहज मिळतो आणि अजूनही बरेच जण तोच घेतात. साध्या झोळीपेक्षा त्याने हाड चांगलं जुळतं असं दिसलेलं नाही. उलट काखेत तो रुततो, हाताला मुंग्या येतात. साधी आर्म पाउच, म्हणजे तयार झोळी, घ्या. मापाची घ्या: कोपर पिशवीच्या कोपऱ्यात पूर्ण बसलं पाहिजे आणि करंगळीच्या बुडापर्यंत आधार मिळाला पाहिजे. पट्टा सैल पडून हात पोटाशी लोंबत असेल तर झोळी घालून न घातल्यासारखीच. हाताचं वजन बाहेरच्या तुकड्याला खाली ओढतच राहतं. रोज सकाळी आरशात बघून पट्टा आवळा.

झोप हीच पहिल्या दोन आठवड्यांची मोठी अडचण. सपाट झोपलं की खांदे मागे पडतात आणि तुकडे ताणले जातात. बाजेच्या डोक्याकडे भिंतीला लोड आणि घडी घातलेल्या दोन गोधड्या लावून अर्धवट बसल्यासारखं टेका, कोपराखाली उशी द्या, म्हणजे दंड मागे पडणार नाही. उठताना धडधाकट बाजूला वळून त्याच हाताने रेटा द्या.

आंघोळीला झोळी काढायला हरकत नाही. स्टुलावर बसा, कमरेतून पुढे झुका, हात सैल खाली लोंबू द्या. काख आपोआप उघडते, तेव्हा धुऊन लगेच कोरडी करा. मे महिन्यात भुसावळ-जळगावात पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा काखेतल्या घामाने पुरळ आणि गजकर्ण हमखास होतं. जुन्या सुती धोतराची घडी काखेत ठेवा, दिवसातून दोन-तीनदा बदला. कपडे पुढून बटणांचेच; बनियन डोक्यातून घालायचा हट्ट नको. दुखरा हात बाहीत आधी घालायचा, काढताना शेवटी काढायचा.

दुखण्याला पॅरासिटामॉल ६५० मिलिग्रॅम, सहा तासांच्या अंतराने, दिवसाला चार गोळ्यांवर स्वतःच्या मनाने जायचं नाही. यकृताचा त्रास असेल किंवा रोज दारू होत असेल तर तेवढ्याही विचारूनच. सुजेच्या गोळ्या आणि रोजची दुखण्याची इंजेक्शनं किडनी, बीपी, ॲसिडिटी असणाऱ्यांनी विचारल्याशिवाय घेऊ नयेत. कडक गोळ्यांनी शौचाला घट्ट होतं आणि कुंथताना खांदा ठणकतो. पाणी आणि भाजी वाढवा.

हाडाला लागतं ते प्रथिनं आणि कॅल्शियम, आणि ते घरातच आहे: कळण्याची भाकरी, वरण, दूध-दही, अंडी, शेंगदाणे. ड जीवनसत्त्वाचं ६०,००० युनिटचं पाकीट लिहून दिलं असेल तर सांगितल्याप्रमाणेच, बहुधा आठवड्याला एक आणि ठरलेले आठवडेच. रोज खाल्लं तर अंगावर येतं. विडी-सिगारेट मात्र पूर्ण बंद. तंबाखू-गुटखाही. हाड न जुळण्यामागच्या कारणांत माणसाच्या स्वतःच्या हातात असलेलं हे सगळ्यात मोठं कारण आहे, म्हणून घरच्यांनीही इथे भीड ठेवू नये.

हात हलवायचा कधी

पहिल्या दिवसापासून बोटं, मनगट आणि कोपर. दर दोन तासांनी मूठ दहा वेळा वळा-उघडा. झोळीतून काढून कोपर दहा वेळा पूर्ण सरळ करा आणि वाकवा. हे टाळणाऱ्याचं हाड जुळतं, पण कोपर आखडतं.

आठवडा-दोन आठवड्यांनी दुखणं उतरलं आणि डॉक्टरांनी हो म्हटलं की झोके. चांगल्या हाताने ओट्याचा आधार घ्या, कमरेतून वाका, दुखरा हात सोंडेसारखा सैल सोडा आणि अंग हलवून त्याला झुलू द्या: पुढे-मागे दहा, आडवे दहा, छोटे गोल दहा. दिवसातून तीन वेळा. हात स्वतःच्या ताकदीने हलवायचा नाही. चाळिशी उलटलेल्यांनी आणि मधुमेह्यांनी हे चुकवू नये. सहा आठवडे खांदा बांधून ठेवला की तो गोठू शकतो आणि मग कित्येक महिने केस विंचरणंही अवघड होतं.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून दोन्ही हातांत काठी धरून चांगल्या हाताने दुखरा वर ढकलायचा, पण खांद्याच्या रेषेपर्यंतच. खांद्याच्या वर हात गेला की हे हाड स्वतःभोवती फिरतं आणि कोवळी जोडणी पिळली जाते. सहा आठवड्यांच्या फिल्मवर जोडणी दिसली, दाबल्यावर दुखत नाही, म्हणजे ती मर्यादा सुटते. ताकदीचे व्यायाम त्यानंतर, पाण्याच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीपासून.

प्लेट टाकली असली तरी वजनाचे नियम फारसे सैल होत नाहीत. टाके दहा ते चौदा दिवसांनी निघतात, हात लवकर मोकळा होतो, आणि इथेच घात होतो: दुखत नाही म्हणून तिसऱ्या आठवड्यात पाण्याची बादली उचलली जाते आणि स्क्रू सुटतात. प्लेट फक्त तुकडे धरून ठेवते. हाड जुळायला तेवढाच वेळ लागतो. चिरा लाल होणं, पू, ताप यापैकी काही दिसलं तर त्याच दिवशी दाखवा.

दुकानात बसणं, वर्गात शिकवणं, लिहिणं दोन आठवड्यांत जमतं. मोटरसायकल सहा ते आठ आठवड्यांनी, तेही झोळी सुटल्यावर आणि ब्रेक-क्लच जोरात दाबून खांद्यात कळ येत नसेल तरच. मागे बसून जाणंही तोवर टाळा, खड्ड्यात हात आपोआप कशाला तरी धरतो. कापूस वेचणं, गायी-म्हशींची धार काढणं साधारण आठ आठवड्यांनी. फवारणी पंप, केळीचा घड, पोतं, कबड्डी तीन ते चार महिन्यांनी आणि फिल्म बघूनच. पट्टा आधी चांगल्या खांद्यावर, रिकाम्या पंपाने सुरुवात.

जुळल्या जागी गाठ राहते. मुलांची बरीच जिरते, मोठ्यांची कमी होते पण हाताला लागतेच. ती दुखत नसेल तर तिला काही करायचं नाही.

तीन-चार महिने झाले तरी त्या जागी कळ येते, कटकन आवाज होतो, तुकडे हलल्यासारखे वाटतात, तर पुन्हा फिल्म काढा. शंका राहिली तर सीटी स्कॅन. सहा महिन्यांनीही जुळलं नसेल आणि त्रास असेल तर प्लेट टाकतात आणि गरज पडल्यास कमरेच्या हाडाचा तुकडा भरतात. हे उशिराचं ऑपरेशनही बहुतेकांना यश देतं. मात्र न जुळलेलं हाड दुखत नसेल, काम अडत नसेल, तर केवळ फिल्म वाईट दिसते म्हणून कापायची घाई नको.

प्लेट टोचत नसेल तर ती आयुष्यभर राहू द्या. टोचत असेल तर हाड पक्कं झाल्यावर, साधारण दीड-दोन वर्षांनी काढा. काढल्यावर स्क्रूची भोकं भरून यायला वेळ लागतो, त्या काळात हाड पुन्हा मोडू शकतं. म्हणून काढण्याची तारीख केळीची कापणी किंवा फवारणीचा हंगाम संपल्यावरची घ्या आणि त्यानंतर निदान दोन-तीन महिने त्या खांद्यावर भार घेऊ नका.